गोधडीची कड आधी का फाटते, आणि गोट कसा लावावा म्हणजे ती टिकते

दुरुस्तीला येणारी गोधडी मी आधी कडेने चाचपते. मधले धावदोरे बहुतेक वेळा शाबूत असतात, नक्षीही बरी असते. उशाकडची कड मात्र विरलेली असते, कोपऱ्यातून आतली जुनी साडी डोकावत असते आणि दशा लोंबत असतात. घरोघरी सांगितलं जाणारं कारण एकच, "दोरा कच्चा होता." दोरा क्वचितच कच्चा असतो. कड ओढली जाते, अंगाखाली दुमडते, ओल्या गोधडीचं सगळं वजन तारेवर तीच पेलते. असं असूनही आपण तिला उरलासुरला तुकडा लावतो, गोधडी नीट न छाटताच लावतो आणि ताणून लावतो. गोट म्हणजे कडेवरून दुमडून शिवायची पट्टी. तिच्यावर सुई टेकायच्या आधीच कड अर्धी बिघडलेली असते. म्हणून या लेखात शिवण्यापेक्षा तयारीवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

खालची मापं ६० × ९० इंचाच्या, चार ते सहा थरांच्या रोजच्या वापरातल्या गोधडीची आहेत. दुपटं किंवा जाड वाकळ असेल तर काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी येईल.

१. गोटाचं कापड

गोधडीच्या पोटात जुन्या साड्या घालायच्या असतात. कडेला मात्र नवं कापड हवं. इथे काटकसर केली तर दोन वर्षांत तेच काम पुन्हा करावं लागतं.

चांगलं, घट्ट विणीचं सुती कापड घ्या. पॉपलीन, केंब्रिक किंवा बारीक पोताचा मांजरपाट चालेल. सॅटिन, टेरिकॉट, नेट नको. खण दिसायला सुंदर असतो, पण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो. सुती गोधडीबरोबर धुतला की तो आकसत नाही, गोधडी आकसते आणि कडेला लाटा येतात. लुगड्याचे काठ लावायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. जरीचा काठ नकोच, मानेला टोचतो. साधा सुती काठ लावायचाच असेल तर तो दोन्ही अंगठ्यांत धरून आडवा जोरात ताणा. "फर्र" असा बारीक आवाज आला किंवा उजेडात धरल्यावर विणीत फटी दिसल्या, तर तो पोटात घाला, कडेला नको.

रंग गडद निवडा. उशाकडच्या कडेला डोक्याचं तेल आणि घाम लागतोच.

किती कापड लागेल त्याचा हिशोब असा. गोधडीचा घेर ३०० इंच. कोपरे आणि शेवटचा जोड यांसाठी १५ इंच धरले की ३१५. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडातून कडा छाटून ४२ इंचाची पट्टी मिळते आणि प्रत्येक जोडात पट्टीच्या रुंदीएवढं कापड जातं. साडेतीन इंच रुंदीच्या आठ पट्ट्या जोडल्या तर तीनशे साडेअकरा इंचच भरतात, म्हणजे थोडक्यात कमी पडतात. नऊ काढा. आकसण्यासह सव्वा मीटर कापड पुरतं.

> तपासा: नवं कापड कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. ओल्या पांढऱ्या फडक्याने ते घासून पाहा. रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहा, तरीही थांबला नाही तर कापड बदला. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होत नाही, कितीही जणींनी सांगितलं तरी.

२. गोधडी तयार करणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या दिसतात मात्र शेवटी.

*धावदोरे आधी, छाटणं नंतर.* मधला भाग पूर्ण शिवून झाल्याशिवाय कडा सरळ करू नका. धावदोऱ्यांनी गोधडी आक्रसते, कुठे कमी कुठे जास्त. आधी काटकोनात कापलेली गोधडी शिवून झाली की वाकडीच होते. वरचं आणि खालचं कापड सुरुवातीलाच चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवा.

*कडेला कच्ची टीप.* धावदोरे कडेपर्यंत गेलेले असतात. गोधडी छाटली की त्यांची टोकं कापली जातात आणि ते आतल्या आत सुटायला लागतात. म्हणून छाटायच्या आधी खडूने अंतिम रेष आखा आणि तिच्या आतून पाव इंचावर चारी बाजूंनी टीप मारा. टाका मोठा चालेल, पण सगळ्या थरांतून जायला हवा. मशीन नसेल तर हाताने अर्ध्या इंचाचे टाके घाला. ही टीप नंतर गोटाखाली झाकली जाते, उसवायची नाही. तिचं दुसरंही काम आहे. विरलेल्या जुन्या साडीची कड हाताळताना सैल होऊन वाढते, ती वाढ ही टीप रोखते.

*काटकोन.* गोधडी फरशीवर पसरा आणि फरशीच्या सांध्यांच्या रेषेवर एक लांब बाजू जुळवा. सरळ रेषेसाठी याहून सोपं साधन घरात नाही. लांबी तीन ठिकाणी मोजा, दोन्ही कडांना आणि मध्यातून. कडेचं माप जास्त आलं तर ती कड सैल झाली आहे असं समजा. मधलं माप खरं धरा आणि दोन्ही कडा त्या मापावर आणून आखा. मग कर्ण मोजा. ६० × ९० ला दोन्ही कर्ण १०८ इंचांच्या किंचित वर यायला हवेत. दोहोंत अर्ध्या इंचाचा फरक चालतो. दोन इंचांचा असेल तर पुन्हा आखा.

आता छाटा. मोठी कात्री घ्या, गोधडी हवेत उचलू नका, फरशीवरच सरकवत कापा.

> सावध: "गोटात झाकलं जाईल" म्हणून थर आत-बाहेर ठेवू नका. आतला थर कडेपर्यंत पोचला नाही तर गोट पोकळ राहतो. पोकळ गोट दुमडतो आणि दुमडीवरच विरतो. छाटल्यावर कड चिमटीत धरून सगळीकडून फिरवा. जाडी कुठे एकदम कमी लागली तर तिथे जुन्या कापडाची चिंधी आत सारून टाचा.

३. पट्टी कापणं आणि जोडणं

एकेरी पट्टी लावू नका. लांबीत दुमडून दुहेरी केलेली पट्टीच लावा. वरचा पदर विरला तरी खाली दुसरा असतो, आणि नंतरची दुरुस्ती सोपी जाते.

पट्टीची रुंदी गोधडीच्या जाडीवर ठरते:

- दोन-तीन थरांचं दुपटं: अडीच इंच पट्टी, शिवण एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी अर्धा इंच, म्हणजे टेपवरच्या तीन सुतांवर
- चार ते सहा थर: साडेतीन इंच पट्टी, शिवण अर्ध्या इंचावर
- जाड वाकळ: चार इंच पट्टी, शिवण अर्ध्या इंचावर

मापावर आंधळा विश्वास ठेवू नका. सहा इंचाचा तुकडा कापून, दुमडून, गोधडीच्या कडेला टाचून पलटवून पाहा. मागच्या बाजूला तो शिवणीच्या रेषेच्या एक सूत पुढे गेला पाहिजे. रेषेवरच थांबत असेल तर पट्टी पाव-अर्धा इंच वाढवा. या पाच मिनिटांनी तीनशे इंच उसवणं वाचतं.

पट्ट्या फाडून काढायची सवय अनेकींना आहे. फाडल्याने रेष सरळ मिळते खरी, पण फाडलेली कड ताणली जाते आणि पट्टीला पीळ बसतो. त्याऐवजी एक धागा ओढून काढा, त्याची रेष दिसते, तिच्यावरून कापा. पन्ह्याच्या दोन्ही बाजूंची गच्च विणलेली कड आधी कापून टाका. ती वेगळी आकसते.

उरेब (विणीला तिरकी कापलेली) पट्टी की सरळ? सरळ पट्टीत दुमड एकाच धाग्यावरून जाते, तो तुटला की लांब चीर पडते. उरेब पट्टीत दुमडीवर अनेक धागे तिरके येतात, त्यामुळे झीज वाटली जाते. म्हणजे उरेब जास्त टिकते, पण कापड जास्त खाते आणि नवख्या हातात ताणली जाते. माझं मत असं: मोठ्या गोधडीला सरळ दुहेरी पट्टी पुरेशी आहे. गोल कोपऱ्यांच्या दुपट्याला मात्र उरेबच लागते, सरळ पट्टी वळणावर चुण्या पाडते.

पट्ट्यांचे जोड तिरके घाला. दोन टोकं सुलट बाजू आत ठेवून काटकोनात एकमेकांवर ठेवा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी टीप मारा, पाव इंच ठेवून बाकीचं छाटा, शिवण उघडून इस्त्री करा. सरळ जोडाची सगळी जाडी एका जागी येते आणि मशीनचा पाय तिथे अडखळतो. सगळी पट्टी एकसंध झाली की लांबीत दुमडून कडक इस्त्री करा आणि पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा. पाटीत ढीग करून ठेवली तर घडी मोडते.

४. मशीनची तयारी

सुई १६ नंबरची, वाकळीला १८. जुनी सुई नको. बोथट सुई जाड थरांतून जाताना टाके सोडते, आणि सुटलेला टाका गोटाखाली दिसतही नाही. टाक्याची लांबी ३ मिलिमीटरच्या आसपास. त्याहून बारीक टाके घातले तर कापडाला भोकांची रांग पडते आणि पोस्टाच्या तिकिटासारखं ते तिथेच फाटतं. "बारीक टीप म्हणजे मजबूत टीप" हा समज कडेला लागू होत नाही.

घरच्या काळ्या पायमशीनला डोक्यावर, पायाच्या दांडीच्या वर एक स्क्रू असतो. त्याने पायाचा दाब कमी-जास्त होतो. तो एक-दोन फेरे सैल करा. दाब जास्त असला की खालचा थर पुढे सरकतो आणि वरचा मागे राहतो. वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा मशीनचा पाय) असेल तर लावाच.

गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबू देऊ नका, डावीकडे खुर्ची किंवा स्टूल ठेवून तिच्यावर तोला. लोंबती गोधडी सुई ओढते, सुई मोडते, शिवण वाकडी जाते.

५. पहिली शिवण

गोट मागून लावून पुढे पलटवायचा की पुढून लावून मागे? रोज वापरायची, मशीनमध्ये धुवायची गोधडी असेल तर पट्टी आधी मागच्या बाजूला शिवा, पुढे पलटवा आणि पुढून टीप मारा. हाताने तुरपायची असेल तर पट्टी आधी पुढच्या बाजूला शिवा आणि मागे पलटवून तुरपा. मधेच विचार बदलू नका.

१. सुरुवात कोपऱ्यावर नाही, आणि उशाकडेही नाही. लांब बाजूच्या मध्यापासून थोडं पायाकडे सरकून सुरू करा. शेवटचा जोड तिथे येतो आणि तिथे ओढाताण कमी असते.

२. पट्टीचं सुरुवातीचं टोक उघडून तिरकं कापा, अर्धा इंच आत दुमडा, पुन्हा घडी घाला. टोकाशी एक खिसा तयार होतो, शेवटचं टोक त्यात जाणार आहे.

३. पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवा. दुमड आतल्या बाजूला. चार इंच पट्टी मोकळी सोडून मग टीप सुरू करा.

४. अर्ध्या इंचावर शिवत जा. पट्टी ओढू नका. हातात खेचत शिवली तर गोधडीची कड गोळा होऊन वाटीसारखी वर येते. आणि गोधडी ताणली, पट्टी सैल राहिली तर कड लाटांची होते. दोन्ही सपाट, एकमेकांवर पडलेली, एवढंच. दर सहा इंचांवर टाचणी किंवा कपड्याचा चिमटा लावा. जाड गोधडीला चिमटेच बरे, टाचण्या वाकतात.

> तपासा: प्रत्येक बाजू झाली की उलटवून पाहा. टीप खालच्या कापडापर्यंत पोचली आहे का? बोटांनी थर वेगळे करून ओढा. एखादा थर निसटला असेल तर आत्ताच उसवा, पलटवल्यावर ते कळणार नाही.

६. कोपरा

इथे घाई केलेली गोधडी लांबूनच ओळखू येते. चारी कोपऱ्यांवर आधीच खडूने ठिपका काढून ठेवा, दोन्ही कडांपासून अर्धा इंच आत.

१. ठिपक्यापर्यंत शिवा आणि थांबा. सुई खाली ठेवा, पाय उचला, गोधडी थोडी वळवा आणि ठिपक्यापासून थेट कोपऱ्याच्या टोकापर्यंत तिरके टाके घालून बाहेर पडा. दोरा तोडा.

२. गोधडी पूर्ण वळवा. पट्टी वरच्या दिशेने, गोधडीपासून दूर दुमडा. आत्ता मारलेल्या तिरक्या टाक्यांवर ४५ अंशांची घडी आपोआप पडते. पडत नसेल तर ठिपका चुकला आहे.

३. ती घडी बोटाने दाबून धरा आणि पट्टी सरळ खाली आणा. नवी आडवी दुमड गोधडीच्या वरच्या कडेशी तंतोतंत जुळली पाहिजे. ती खाली आली तर कोपरा गोल येतो, वर राहिली तर टोक पोकळ राहतं.

४. अगदी कडेपासून टीप सुरू करा, दोन टाके मागे-पुढे करा आणि पुढच्या ठिपक्यापर्यंत जा.

ठिपका ओलांडून शेवटपर्यंत शिवणं ही इथली नेहमीची चूक. तसं शिवलं की पलटवताना चुणी उघडतच नाही, मग कोपरा कात्रीने "मोकळा" केला जातो आणि पहिल्याच धुण्यात तिथून आतलं कापड बाहेर येतं.

जाड वाकळीत कोपऱ्याच्या टोकाशी फक्त आतल्या थरांचा पाव इंच तिरका छाटा. वरचं आणि खालचं कापड तसंच ठेवा.

चौकोनी कोपरा जमतच नसेल तर छाटायच्या वेळीच ताटली ठेवून चारी कोपरे गोल आखा आणि उरेब पट्टी लावा. यात कमीपणा काही नाही. लहान मुलांच्या दुपट्याला गोल कोपराच बरा, मुलं कोपरा चोखतात आणि टोकाला आधी भोक पडतं.

७. शेवटचा जोड

सुरुवातीपासून आठ-दहा इंच अलीकडे थांबा. शेवटचं टोक खिशाच्या तोंडापासून दीड इंच आत जाईल एवढंच ठेवून बाकीचं कापा. ते खिशात सरकवा, सपाट करा आणि उरलेली टीप पूर्ण करा. टोक ताणून आत कोंबू नका. पट्टी किंचित सैल वाटली तरी चालेल, घट्ट वाटली तर थोडं बाहेर घ्या. खिशाची तिरकी कड सगळं झाल्यावर हाताने तुरपून बंद करायची आहे. ती विसरली जाते, मग जोड उघडतो आणि दोष दोऱ्याला दिला जातो.

८. पलटवून पक्कं करणं

पट्टी पलटवून दुमड शिवणीच्या रेषेच्या एक सूत पलीकडे आणा आणि चिमटे लावा. कोपऱ्यात आधी एक बाजू बसवा, मग दुसरी. पहिल्या बाजूने चुणी ज्या दिशेला वळली आहे, दुसऱ्या बाजूला ती उलट दिशेला वळवा म्हणजे जाडी वाटली जाते.

*मशीनने:* दुमडीच्या आतून एक सूत अंतरावर पुढून टीप मारा. कोपऱ्यात सुई खाली ठेवून वळा. दर हातभर अंतराने मागे डोकावा. मशीनवर लक्ष ठेवून सलग शिवत गेलं की दहा-बारा इंच दुमड टिपेत सापडलेलीच नसते, हे हमखास होतं.

*हाताने:* दोरा हातभरच घ्या. लांब दोरा पिळतो आणि कापडातून जाऊन जाऊन झिजतो. मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या. टाके इंचाला आठ-दहा, सुई खालच्या कापडाबरोबर आतल्या थरातही शिरली पाहिजे. नुसत्या वरच्या, विरलेल्या साडीला टाका धरला तर साडी फाटून टाका सुटतो, दोरा तसाच राहतो. गाठ गोटाच्या आत लपवा. वीतभर झालं की एका जागी दोन टाके घाला. पुढे दोरा कुठे तुटलाच तर वीतभरच उसवेल, अख्खी बाजू नाही. कोपऱ्याची तिरकी फट दोन्ही बाजूंनी तीन-चार टाक्यांनी बंद करा. अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) वापरा, तीनशे इंच म्हणजे अडीच हजारांच्या आसपास टाके होतात.

पूर्ण हाताने काम करणाऱ्यांसाठी एकच सूचना: पहिली शिवण धावदोऱ्याची नको, हातटिपेची (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन घातलेली) हवी. धावदोरा ओढ लागली की सरकतो.

९. उशाकडची जादा पट्टी

ही ऐच्छिक, पण मी घालतेच. उशाकडच्या कडेवर सहा इंच रुंदीचं सुती कापड दोन्ही बाजूंना सारखं येईल असं दुमडून, कडा आत वळवून, मोठ्या धावदोऱ्याने अडकवून ठेवा. मळलं की फक्त तेवढं उसवून धुवायचं. गोधडी वर्षातून दोनदाच धुवावी लागते, आणि उशाची बाजू कुठली हेही अंधारात हाताला कळतं.

१०. धुणं, वाळवणं आणि पहिली डागडुजी

ओली गोधडी दोन कोपरे धरून उचलू नका. खाली दोन्ही हात घालून, बाळ उचलतो तशी उचला. एका तारेवर टाकली तर सगळं पाणी खालच्या कडेला उतरतं आणि गोट ताणला जातो. दोन-तीन तारांवर पसरून टाका किंवा गच्चीच्या कठड्यावर. पिळू नका, घडी घालून दाबून पाणी काढा. पावसाळ्यापूर्वी धुवायची असेल तर मेच्या मध्यापर्यंत उरका. कडेला थर जास्त असतात, तिथे ओल राहते आणि मध्य सुकला म्हणून घडी घातली की कडेला बुरशीचे ठिपके येतात. गोट चिमटीत धरून गालाला लावा. गार लागला तर अजून ओला आहे.

वर्षातून एकदा चारी कडा उजेडात पाहा. दुमडीवर रंग फिका, कापड पातळ दिसलं तर तेव्हाच दुरुस्त करा. भोक पडायची वाट पाहिली तर आतले थरही जातात. जुना गोट काढायचा नाही. विरलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच पुढे जाईल एवढी नवी पट्टी घ्या, चारी कडा आत दुमडा आणि जुन्या गोटावरून पांघरून तुरपा. टाके चांगल्या भागातल्या कापडाला धरा, विरलेल्याला नाही. उशाकडची कड अशी दोनदा मढवता येते. तिसऱ्यांदा ती बोटांना दोरखंडासारखी जाड लागेल, तेव्हा त्या बाजूचा सगळा गोट उसवा, गोधडी तिथे एक इंच छाटा, कच्ची टीप घाला आणि दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा.